सेवा कुणाची, सवाल कुणाचे?

युद्ध पेटले की कॉलेजातल्या मुलींना सांगितली जाणारी कामे बहुतेक ठरलेली असतात. विणा, शिवा, बांधा, गोळा करा. १९६२ साली आपल्याकडे लोकरीचे गुंडे वसतिगृहांतून आणि वाड्यांतून फिरले, हातातल्या बांगड्या संरक्षण निधीत गेल्या. १९९९ साली कारगिलच्या वेळी जवानांसाठी राख्या आणि पत्रे गोळा झाली. मे २०२५ मध्ये नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी घ्यायचे ठरले तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाने होमगार्डच्या जोडीला एन.सी.सी., एन.एस.एस. आणि शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींनाही त्यात धरले. मधल्या साठ वर्षांत मुली लढाऊ विमाने चालवू लागल्या. त्याच मे महिन्याच्या शेवटी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पण कॉलेजच्या फळ्यावर ‘विद्यार्थिनींसाठी’ म्हणून लागणारा सूचनेचा कागद वाचला तर तो आपल्या आजीच्या वेळचाच असावा असे वाटते.

स्वेटर विणणाऱ्या मुलींची चेष्टा करणे आम्हाला मान्य नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला स्वेटर लागतोच, आणि तो विणणाऱ्या हातांना किंमत न देण्याची सवय समाजाला आहेच. त्यात आपण भर घालायला नको. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे काम कुणी ठरवले? ते करताना चार मुली एकत्र बसल्या, बोलू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांच्यातून एखादा सवाल निघाला, तर ज्यांनी त्यांना कामाला बसवले ते काय करतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर अमेरिकेतल्या कॉलेजांचा इतिहास उपयोगी पडतो. तिथे मुलींच्या मंडळांना मोठी परंपरा आहे आणि दोन महायुद्धांत त्या मंडळांचे काय झाले याची नोंदही बऱ्यापैकी आहे.

आधी कौतुकाची गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावी स्मिथ कॉलेज हे मुलींचे नावाजलेले कॉलेज. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली आणि त्यानंतर काही दिवसांतच हॅरिएट बॉइड हॉज या माजी विद्यार्थिनीने बॉस्टनच्या स्मिथ मंडळापुढे एक कल्पना मांडली. या बाई पुरातत्त्वज्ञ. क्रीट बेटावरचे गुर्निया हे प्राचीन गाव त्यांनी उकरून काढले होते; १८९७ च्या ग्रीक-तुर्की युद्धात जखमींची शुश्रूषा केली होती. त्यांचे म्हणणे असे की फ्रान्समध्ये उद्ध्वस्त झालेल्या खेड्यांत जाऊन तिथली माणसे पुन्हा उभी करण्याचे काम स्मिथच्या मुलींनी अंगावर घ्यावे. शहरोशहरीच्या माजी विद्यार्थिनी मंडळांनी पैसे उभे केले. उन्हाळ्यात तुकडी निघाली, सप्टेंबरात सोम भागातल्या ग्रेकूर या गावी पोचली. माघार घेताना जर्मन सैन्याने तिथली घरे सुरुंगाने उडवली होती, फळझाडे तोडली होती, विहिरी निकामी केल्या होती. मागे राहिली होती म्हातारी माणसे, बाया आणि पोरे. या मुलींनी आपल्या मालमोटारी स्वतः जोडल्या, स्वतः हाकल्या. त्यांच्याबरोबर दोन डॉक्टर स्त्रिया होत्या. आसपासच्या पंधराएक खेड्यांत गाई आल्या, कोंबड्या आल्या, बियाणे आले, पोरांना दूध मिळू लागले. विशेष म्हणजे भांडीकुंडी आणि कपडे फुकट न वाटता त्या मोटारीतून फिरते दुकान चालवीत आणि स्वस्तात विकत. सर्वस्व गेलेल्या बाईला भीक घालू नये, तिला गिऱ्हाईक म्हणून वागवावे, एवढी समज त्यांना होती. आपल्याकडे पूर-भूकंपानंतर जुन्या कपड्यांचे ढीग पाठवणाऱ्यांना ती अजून आलेली नाही.

मार्च १९१८ मध्ये जर्मनांची मोठी चढाई झाली आणि सगळे पुन्हा बेचिराख झाले. मुलींनी गावकऱ्यांना मोटारीत घालून बाहेर काढले, रस्त्यावरच्या निर्वासितांना आणि शिपायांना जेवू घातले, आणि युद्ध संपल्यावर जानेवारी १९१९ मध्ये पुन्हा ग्रेकूरला जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली. कॉलेजने याची आठवण ठेवली. ग्रेकूरच्या वाड्याच्या लोखंडी फाटकाची हुबेहूब प्रतिकृती १९२४ साली कॉलेजच्या प्रवेशद्वारी उभारली. ती आजही आहे.

फाटकाचा विषय निघाला म्हणून केंब्रिजच्या एका फाटकाची आठवण द्यायलाच हवी. गर्टन आणि न्यूनम या तिथल्या मुलींच्या दोन कॉलेजांनी त्याच युद्धात निधी जमवून एक फिरते इस्पितळ रणभूमीवर पाठवले होते. ते स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्सचे एक पथक होते, डॉ. एल्सी इंग्लिस या शल्यविशारद बाईंनी आपली सेवा देऊ केली तेव्हा ब्रिटिश युद्ध खात्याने त्यांना घरी जाऊन स्वस्थ बसायला सांगितले होते, म्हणून त्यांनी मित्रराष्ट्रांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. युद्ध संपले. ऑक्टोबर १९२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने मुलींना पूर्ण पदवी आणि सभासदत्व देण्याचा प्रस्ताव फेटाळला. त्या रात्री विद्यार्थ्यांचा जमाव न्यूनमवर चालून गेला आणि हातगाडीच्या धडका देऊन त्यांनी कॉलेजचे पितळी फाटक मोडले. केंब्रिजने मुलींना बरोबरीची पदवी दिली ती १९४८ साली, म्हणजे आणखी एक महायुद्ध उलटून गेल्यावर. रणांगणावर इस्पितळ चालवायला लायक, पदवीला नालायक.

पण आम्हाला सांगायची आहे ती मुख्य गोष्ट हॉवर्डची. हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड. वॉशिंग्टन शहरातले हे विद्यापीठ १८६७ साली, गुलामगिरी संपल्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाले आणि कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे मोठे केंद्र बनले. अमेरिकन कॉलेजांत मुलींची सोरॉरिटी नावाची मंडळे असतात, ग्रीक मुळाक्षरांवरून नावे घेतलेली. गोऱ्यांच्या कॉलेजांत त्यांचे रूप पुष्कळदा खानदानी क्लबाचे. कुणाला घ्यायचे यापेक्षा कुणाला घ्यायचे नाही यातच त्यांचा दिमाख. कृष्णवर्णीय मुलींना त्यांत प्रवेश नव्हताच. हॉवर्डमधल्या मुलींनी १९०८ साली आपले स्वतःचे मंडळ काढले, अल्फा कप्पा अल्फा. पाच वर्षांनी त्यातल्याच २२ जणींना वाटले की नुसते स्नेहसंमेलन पुरे नाही, सार्वजनिक कामात उतरले पाहिजे. त्यांनी जानेवारी १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा हे वेगळे मंडळ स्थापले आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्चला, वॉशिंग्टनच्या रस्त्यावर निघालेल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात त्या सामील झाल्या. हे त्यांचे पहिले जाहीर काम. मोर्चाच्या गोऱ्या पुढारी बायकांना कृष्णवर्णीय स्त्रिया बरोबर नको होत्या, दक्षिणेकडच्या बायका नाराज होतील म्हणून. तरी त्या चालल्या. त्यांच्याबरोबर मेरी चर्च टेरेल नावाच्या पन्नाशीच्या एक विदुषी होत्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

अल्फा कप्पा अल्फाच्या संस्थापकांतल्या ल्यूसी डिग्ज स्लो १९२२ साली हॉवर्डमध्ये विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता म्हणून परत आल्या. त्या पदावर त्यांनी पंधरा वर्षे काढली, ती बहुतेक भांडण्यात. मुलींवर पहारा ठेवणारी मेट्रन होणे त्यांना मान्य नव्हते. मुलींनी आपला कारभार आपण करावा, मंडळे चालवून निर्णय घ्यायला शिकावे, असे त्या म्हणत. वर्गात अश्लील बोलणाऱ्या एका प्राध्यापकाबद्दल १९२७ साली पालकाची तक्रार आली तेव्हा त्यांनी ती दडपली नाही, वर नेली. त्याची किंमत त्यांना पुढे पगारात आणि मानसन्मानात मोजावी लागली. तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा होते हे आपल्या ओळखीचे आहे, नाही का?

आता सेवेकडे वळू. १९३५ पासून अल्फा कप्पा अल्फाच्या बायका दर उन्हाळ्यात स्वतःच्या मोटारींनी मिसिसिपीला जात, कारण रेल्वेत त्यांना वेगळ्या डब्यात कोंबले जाई. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. डॉरथी बोल्डिंग फेरबी. पोरांना देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचायच्या, आहार शिकवायचा, दात तपासायचे. पण मळेवाल्या गोऱ्या मालकांनी आपल्या मजुरांना दवाखान्यात जायला बंदी केली. बाहेरच्या शिकलेल्या कृष्णवर्णीय बाया येऊन मजुरांच्या डोक्यात काही भरवतील ही भीती. तेव्हा या बायांनी मोटारीच दवाखाने केल्या आणि शेतापर्यंत गेल्या. हजारो मुलांना लसी टोचल्या. आणि टोचता टोचता त्यांच्या ध्यानात आले की लसीने देवी थांबेल, पण मळ्यावरच्या कर्जात जन्मलेल्या पोराची भूक थांबणार नाही. त्यासाठी कायदे लागतात आणि कायदे वॉशिंग्टनला होतात. १९३८ साली त्याच मंडळाने काँग्रेसपुढे कृष्णवर्णीयांचे प्रश्न मांडण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये कायमची परिषद स्थापन केली. सेवेतून सवाल निघतो तो असा. युद्ध आले, पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले, आणि मिसिसिपीच्या फेऱ्या बंद पडल्या. परिषद मात्र राहिली.

दुसऱ्या महायुद्धात कॉलेजे पुन्हा कामाला लागली. पट्ट्या गुंडाळणे, युद्धरोखे विकणे, भाजीपाला लावणे. पूर्वेकडच्या मुलींच्या श्रीमंत कॉलेजांत एक गंमत झाली. वसतिगृहांतल्या मोलकरणी बऱ्या पगारासाठी युद्धसाहित्याच्या कारखान्यांत निघून गेल्या आणि मुलींना आपल्या खाटा आपण आवरायची, जेवण वाढायची वेळ आली. त्याला राष्ट्रकार्य म्हटले गेले! तेच काम मोलकरीण करीत होती तोवर ते कुणाच्या लेखी राष्ट्रकार्य नव्हते.

आणखी एक काम होते, त्याची चर्चा कमी होते. १९४१ साली सैनिकांच्या मनोरंजनासाठी यू.एस.ओ. ही संस्था निघाली. तिच्या क्लबांत संध्याकाळी नाच असत आणि नाचायला मुली लागत. कॉलेजांतून बसगाड्या भरून मुली जात. त्यांना यजमानीण म्हणायचे. मुलगी चांगल्या घरची, चांगल्या वळणाची असल्याची खात्री केली जाई. सैनिकाने नाचायला बोलावले तर नाही म्हणायचे नाही, चेहरा हसतमुख ठेवायचा, आणि मर्यादाही सोडायची नाही. वडीलधाऱ्या बायका कपडे दुरुस्त करायला आणि केक वाढायला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांचे क्लब बहुतेक ठिकाणी वेगळे. म्हणजे देशाने मुलींकडे काय मागितले? श्रम तर मागितलेच, शिवाय मनाची मुलायम बाजूही मागितली, ठरावीक वेळी, ठरावीक मापाने. आणि ज्या मुली यजमानीण न होता आपल्या मर्जीने सैनिकांबरोबर हिंडल्या त्यांना गुप्तरोगाच्या नावाखाली पकडून तपासले, कोंडून ठेवले. सैनिकांना नाही. हसणे नियमात बसले तर देशसेवा, न बसले तर गुन्हा. स्त्रीच्या देहाची ही विभागणी करायला युद्ध लागत नाही, पण युद्धात ती उघडी पडते.

रक्तदानाचेही ऐकून ठेवा. साठवलेल्या रक्तद्रवाच्या शास्त्रात ज्यांनी मोठी भर घातली ते डॉ. चार्ल्स ड्रू हॉवर्डचे प्राध्यापक होते. त्याच देशाच्या रेडक्रॉसने युद्धाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांचे रक्त घ्यायलाच नकार दिला आणि जानेवारी १९४२ पासून घेतले ते वेगळे ठेवण्याच्या अटीवर. ही वेगळी बाटली १९५० पर्यंत चालू राहिली. जातीच्या पंगतीत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको.

अशा दिवसांत, जानेवारी १९४३ मध्ये, हॉवर्डच्या दुसऱ्या वर्षातल्या तीन मुली शहरातल्या एका दुकानात गेल्या आणि गरम चॉकलेट मागितले. दुकानदार देईना. त्या उठेनात. पोलीस आले, त्यांनी द्यायला सांगितले. प्याले आले, पण दहा सेंटच्या पेल्याचे पंचवीस सेंट लावले. मुलींनी तिघींचे मिळून ३५ सेंट ठेवले आणि निघाल्या. बाहेर पडताच अटक. त्यांना कोठडीत टाकले, झडती घेतली, आणि गुन्हा न नोंदवता सोडून दिले. वसतिगृहात परतल्यावर काय बोलणे झाले असेल याची कल्पना आपण करू शकतो. पुरुष विद्यार्थी मोठ्या संख्येने सैन्यात गेलेले, आवारात बहुतांश मुलीच. जे भाऊ आणि मित्र लोकशाहीसाठी लढायला समुद्रापलीकडे गेलेत त्यांच्या बहिणीला राजधानीत कॉफीचा कप मिळत नाही.

त्या वेळी कायद्याच्या वर्गात पॉली मरे नावाची विद्यार्थिनी होती. वय बत्तीस, वर्गात एकटी बाई. पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकाने बायका कायदा शिकायला कशाला येतात कळत नाही असे म्हटले आणि वर्ग हसला. वंशभेदाच्या विरोधात लढायला आलेल्या तिला आपल्याच माणसांत दुसरा भेद भेटला. वंशभेदाच्या कायद्यांना अमेरिकेत ‘जिम क्रो’ म्हणत. तिने या दुसऱ्या भेदाला ‘जेन क्रो’ असे नाव दिले. ते पुढे स्त्री-चळवळीत रूढ झाले. मरे यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केलेला होता आणि १९४० साली व्हर्जिनियात बसमधल्या वेगळ्या जागांवरून अटकही ओढवून घेतली होती. हॉवर्डच्या हवेतही गांधी होते. तिथल्या प्रार्थनामंदिराचे प्रमुख हॉवर्ड थर्मन आणि त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन १९३६ साली बारडोलीला गांधीजींना भेटून आले होते. स्यू बेली थर्मन यांच्याबद्दल फार लिहिले जात नाही, पण वाय.डब्ल्यू.सी.ए.च्या विद्यार्थिनी विभागाच्या त्या जुन्या कार्यकर्त्या होत्या.

आवारातल्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या विद्यार्थी शाखेने समिती नेमली. सभा घेतल्या, विद्यार्थ्यांची मते अजमावली, कसे वागायचे याचे वचन लिहून घेतले. कुणी शिवी दिली तरी उलट बोलायचे नाही, कपडे नीटनेटके, बरोबर पुस्तके. १७ एप्रिल १९४३, शनिवार, पाऊस पडत होता. लिटल पॅलेस कॅफेटेरिया कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होता, पण आत खायला फक्त गोऱ्यांना मिळे. मुलेमुली चार-चारच्या गटांनी, थोड्या थोड्या अंतराने निघाली. तिघे आत जात, काउंटरवर नकार मिळाला की रिकाम्या टेबलावर बसून पुस्तक उघडत. चौथा बाहेर लक्ष ठेवी. मालकाने वैतागून दुकान बंद केले. बाहेर फलक घेऊन उभे राहणे सुरू झाले. दोन दिवसांत त्याने आपला नियम बदलला. अमेरिकेतल्या ज्या बैठा सत्याग्रहांची चित्रे आपण पाहतो ती १९६० ची आहेत, ग्रीन्सबरोची. त्याच्या सतरा वर्षे आधी हे घडले, आणि घडवणाऱ्यांत मुली पुढे होत्या. महाडच्या तळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढच्या वर्षी, एप्रिल १९४४ मध्ये, त्यांनी मोठे ठिकाण निवडले. थॉम्पसन ही खाणावळींची मोठी साखळी होती. पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूजवळचा तिचा कॅफेटेरिया रात्रंदिवस उघडा असे आणि भाव बेताचे. पन्नासहून अधिक विद्यार्थी दोघे-तिघे करून आत गेले, ट्रे घेऊन बसले. काही कृष्णवर्णीय सैनिकही गणवेशात येऊन बसले. काही तासांत मुख्य कार्यालयातून हुकूम आला, यांना वाढा.

आता विद्यापीठाने काय केले ते पाहा. हॉवर्डचा मोठा खर्च काँग्रेसच्या अनुदानावर चाले. राजधानीचा कारभार पाहणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे बिल्बो, वंशद्वेषासाठी कुप्रसिद्ध. विद्यार्थ्यांना आदेश मिळाला की संस्थेच्या नावाने हे आंदोलन थांबवा. वादविवाद झाले, मुले चिडली, पण आंदोलन थांबले. थॉम्पसनने काही दिवसांनी पुन्हा आपली जुनी रीत सुरू केली. संस्थाचालकांना दुष्ट ठरवून आम्ही मोकळ्या होणार नाही. अनुदान गेले असते तर शेकडो मुलामुलींचे शिक्षण थांबले असते ही भीती खरी होती. पण एवढे म्हणू की पट्ट्या गुंडाळण्याचा कार्यक्रम संस्थेच्या नावाने थांबवा असे कुणी कधी सांगितले नाही.

मरे त्याच वर्षी वर्गात पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याने पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला जायचे असा तिथला प्रघात. हार्वर्डने कळवले की आमच्या विधी महाविद्यालयात बायकांना प्रवेश नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हे हार्वर्डचे माजी विद्यार्थी. त्यांच्या शिफारशीचाही उपयोग झाला नाही. हार्वर्डने तो दरवाजा उघडला १९५० साली.

त्याच १९४४ च्या शेवटी स्मिथमध्ये आणखी एक घटना घडली. १९४२ पासून नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण स्मिथच्या आवारात चालू होते. या दलाला वेव्हज म्हणत आणि त्यात पुढे सुमारे ८६ हजार स्त्रिया होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र त्यात बंदी होती. ती उठवावी म्हणून ज्यांनी सतत तगादा लावला त्यांत अल्फा कप्पा अल्फाची ती वॉशिंग्टनची परिषदही होती, मिसिसिपीच्या मोटारींतून जन्मलेली. ऑक्टोबर १९४४ मध्ये बंदी उठली आणि डिसेंबरात हॅरिएट पिकन्स आणि फ्रान्सिस विल्स या दोघी अधिकारी म्हणून बाहेर पडल्या. पिकन्स या १९३० सालच्या स्मिथच्या पदवीधर. म्हणजे ज्या कॉलेजने त्यांना शिकवले, त्याच कॉलेजच्या आवारात नौदलाची शाळा त्यांना दोन वर्षे बंद होती. ग्रेकूरचे फाटक तेव्हा वीस वर्षांचे होते.

थॉम्पसनचे पुढे काय झाले? १९५० साली मेरी चर्च टेरेल काही सोबत्यांना घेऊन तिथल्या एका थॉम्पसनमध्ये गेल्या, ट्रे घेतला, आणि नकार मिळताच कोर्टात गेल्या. १९१३ च्या मोर्चातल्या त्याच त्या. वॉशिंग्टनमध्ये १८७२ आणि १८७३ सालचे कायदे होते, खाणावळींनी रंगावरून कुणाला नाकारू नये असे सांगणारे, धूळ खात पडलेले, पण कधी रद्द न झालेले. ८ जून १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे जिवंत असल्याचा निकाल दिला. टेरेल तेव्हा ८९ वर्षांच्या होत्या.

मैत्रिणींनो, हे सारे आपल्याला कशाला? आपल्या कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. वर्षाला १२० तास, सात दिवसांचे शिबिर, दत्तक गाव. तिच्या बोधवाक्याचा अर्थ ‘मी नव्हे, तू’ असा. वाक्य चांगले आहे. फक्त आपल्याकडच्या मुलीला ते वेगळे शिकवायची गरज असते का, एवढा आमचा बारीकसा प्रश्न आहे. ती जन्मल्यापासून तेच ऐकत असते. शिबिरात स्वयंपाकाची पाळी कुणाची आणि रस्त्याच्या बांधकामाची कुणाची, हे ज्या जाऊन आल्या त्यांना विचारा. दत्तक गावात सर्वेक्षणाला गेलेल्या मुलीला एखादी बाई दंडावरचा वळ दाखवते, एखाद्या वस्तीत नळ येत नाही असे कळते. त्या मुलीने काय करायचे? तक्त्यात तशी रकाना नसतो. ती कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगते, ते म्हणतात आपण झाडे लावायला आलोय. आणि सीमेवर तणाव असेल तर उत्तर आणखी सोपे होते, की ही वेळ असले विषय काढायची नाही. हॉवर्डच्या मुलींनाही हेच सांगितले गेले होते. आधी युद्ध जिंकू, मग बघू. पण मग बघायची वेळ कुणी ठरवायची?

युद्धाबद्दल आमच्यातच मतभेद आहेत, ते लपवायचे कारण नाही. आमच्यातल्या काही जणी कोणत्याही युद्धाला विरोध करतात, काही जणी म्हणतात की हल्ला झाला तर देशाने लढलेच पाहिजे. मे महिन्यात कारवाईला दिलेले ‘सिंदूर’ हे नाव आणि तिची माहिती द्यायला पुढे आलेल्या दोन स्त्री अधिकारी, यांवरही आमच्या बैठकीत दोन तट पडले. विधवेच्या कपाळाला युद्धाचे निशाण करावे का यावर चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. पण कॉलेजातल्या मुलींच्या मंडळांबाबत सगळ्या एका मुद्द्यावर आल्या. मंडळ कशासाठी आहे हे त्यातल्या मुलींनी ठरवावे. रक्तदान करायचे तर करावे, राख्या पाठवायच्या तर पाठवाव्यात, पण त्याच सभेत वसतिगृहाच्या फाटकाची वेळ, लैंगिक छळाच्या तक्रार समितीवर विद्यार्थिनी प्रतिनिधी निवडून आली की नेमली गेली, आणि शहीद जवानाच्या पत्नीला सासरी काय वागणूक मिळते, हेही विषय यायला हवेत. मिसिसिपीला लसी टोचणाऱ्या बायकांनी सेवा सोडली नव्हती. त्यांनी फक्त तिथेच थांबायला नकार दिला.

आपल्याकडच्या या इतिहासाची नोंद फारच थोडी आहे. १९६२, १९६५, १९७१ साली ज्या कॉलेजात होत्या, त्यांनी काय काय केले, कुणी सांगितले म्हणून केले, एन.सी.सी. १९६३ साली मुलांना सक्तीची झाली तेव्हा मुलींच्या वाट्याला काय आले, ब्लॅकआउटच्या रात्री वसतिगृहात काय बोलणे झाले, कुणी एखादा प्रश्न विचारला तर त्याचे काय झाले, हे सारे त्या त्या बायकांच्या मनातच आहे. त्यातल्या कित्येक जणी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आपल्या आई-मावशी-आत्यांशी बोला, त्यांच्याकडे जुनी मंडळाची वही, हिशेबाचे कागद, फोटो असतील तर पाहा, आणि लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर सांगा, आमच्यापैकी कुणीतरी येऊन लिहून घेईल. पुढच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.